गास्केट म्हणजे नुसतं पॅकिंग नाही, ते माप आहे



आज धानावर नाही, इंजिनवर लिहितो. हस्ताचा पाऊस दगा देते, धान गर्भात असते, बोडीत पाणी असते आणि इंजिन सुरू होत नाही. शेतीची लाईट रात्रपाळीत असली की सिंदेवाही-ब्रह्मपुरीकडे जंगलाला लागून बांधी असलेला माणूस वाघाच्या धाकाने रात्री मोटर टाकायला जात नाही. त्याला दिवसा चालणाऱ्या डिझेल इंजिनचाच आधार. म्हणून हा विषय लहान समजू नका.

आपल्याकडे एक इलाज बिनधास्त चालते. हेड गास्केट उडालं की मिस्त्री म्हणते, "काहून घाबरता भाऊ, डबल गास्केट टाकून देतो, पुन्हा उडणारच नाही." नाही तर दुकानात जे जाड मिळालं ते बसवून देते. माझं म्हणणं साफ आहे. हा इलाज नाही, इंजिनचा दम काढून घेणं आहे.

दहावीच्या गणिताने हिशोब करू. किर्लोस्करचं ५ हॉर्सपॉवरचं एव्ही-१ इंजिन घ्या. बोअर ८० मि.मी., स्ट्रोक ११० मि.मी. पिस्टन खालून वर येताना ५५३ सीसी जागा कापते. कॉम्प्रेशन रेशो १६.५ ला १. म्हणजे पिस्टन पूर्ण वर आला की हवेला उरते फक्त ३५.७ सीसी जागा.

आता गास्केट अर्धा मि.मी. जाड बसवलं. ८० मि.मी.च्या गोलात अर्धा मि.मी. म्हणजे अडीच सीसी. उरलेली जागा झाली ३८.२ सीसी आणि रेशो आला १५.५ वर. १.२ मि.मी.चं दुसरं गास्केट चढवलं तर ६ सीसी वाढले, रेशो उतरला १४.३ वर. गास्केटचं भोक बोअरपेक्षा थोडं मोठंच असते, त्यामुळे खरं नुकसान याहून जरा जास्त.

पेट्रोलच्या गाडीत ठिणगी असते. डिझेलमध्ये दाबलेल्या हवेची गरमीच डिझेल पेटवते. दाब कमी म्हणजे गरमी कमी. ऑक्टोबरच्या दुपारी तेच इंजिन सुरू होते, म्हणून मिस्त्री म्हणते, "बघा, चालू झालं ना!" पण उन्हाळी धानाच्या पऱ्ह्याला पाणी द्यायला डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पहाटे हँडल मारा, मग कळते. पांढरा धूर निघते, माणूस हँडल मारून थकते, शेवटी हवेच्या तोंडाशी पेटतं फडकं धरते. न जळलेलं डिझेल लायनरवरचं ऑईल धुऊन नेते, रिंगा झिजतात, कॉम्प्रेशन आणखी उतरते. मग सांगतात, बोअर गेला.

काही जण म्हणतात, हेड घासलं म्हणून जाड गास्केट लागते. हे नीट समजून घ्या. आपल्या बहुतेक पंप-इंजिनांचं हेड खालून सपाट असते, जळण्याची वाटी पिस्टनमध्ये असते. असं हेड घासल्याने हवेची जागा जवळपास बदलत नाही. व्हॉल्व्ह मात्र पिस्टनच्या जवळ येतात. त्याचा इलाज व्हॉल्व्ह सीट खोल करणं. ब्लॉकचा माथा घासला असेल तर जाडीचा प्रश्न येते, पण तेव्हाही मोजून, अंदाजाने नाही.

उलटा शहाणपणाही नको. बारीक गास्केट टाकून ताकद वाढवतो म्हणणारेही भेटतात. याच इंजिनात अर्धा मि.मी. कमी केलं तर रेशो १७.७ च्या जवळ जाते. पिस्टन आणि हेडमधलं अंतर मुळातच थोडं असते, ते संपलं तर पिस्टन हेडला भिडते.

आणि गास्केट उडते कायले? पाणी कमी पडून इंजिन तापते, हेड वाकते, नट कमी-जास्त आवळलेले असतात. ही कारणं तशीच ठेवून दोन गास्केट टाकले तर गळायला आणखी एक सांधा तयार होते, दुसरं काही नाही.

हेड उघडलं की एवढं करून घ्या:

१. जुन्या गास्केटची दबलेली जाडी व्हर्नियरने मोजा. आधीच्याने चुकीचं बसवलं असू शकते, म्हणून कंपनीच्या पुस्तकातल्या मापाशी ताडून पहा.

२. हेडवर सरळ पट्टी आडवी-तिरपी ठेवून फिलर गेजने वाकडेपणा बघा.

३. पिस्टनच्या सपाट भागावर, व्हॉल्व्ह सोडून, सोल्डरची तार ठेवा. हेड पूर्ण आवळा, इंजिन हाताने फिरवा, चपटी झालेली तार मोजा. तेच खरं अंतर.

४. नट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने आवळा.

मिस्त्रीवर माझा राग नाही. त्याला हे कोणी शिकवलंच नाही आणि हंगामात आपणच त्याच्या डोक्यावर बसतो, "आत्ताच्या आत्ता चालू करून दे." म्हणून सिंदेवाही आणि गडचिरोलीच्या कृषी विज्ञान केंद्रांना विनंती आहे. बियाणं-खताचे वर्ग घेता तसा रोवणीच्या आधी गावच्या मिस्त्र्यांसाठी एक दिवस इंजिनचा वर्ग घ्या. व्हर्नियर, फिलर गेज आणि टॉर्क पाना हातात देऊन शिकवा.

तोवर एवढंच करा. हेड बसवायच्या आधी मिस्त्रीला विचारा, "गास्केट किती मि.मी.चं टाकून राहिला?" आकडा सांगता आला नाही तर काम थांबवा.