मनगटावरचा कारकून

पावलें, नाडीचे ठोके आणि झोपेचे तास यांचा जमाखर्च ठेवणारा मनगटपट्टा, म्हणजेच फिटनेस बँड, व त्याचें घड्याळी रूप जें स्मार्टवॉच, तीं दोन्हीं खानदेशांतल्या सुशिक्षित घरांस आतां नवीं राहिलीं नाहींत. जळगांवास मेहरूण तलावाकांठीं सकाळीं फिरणाऱ्यांच्या हातांत तीं दिसतात. धुळ्यास आग्रा रोडवर विकत मिळतात. परंतु पहिला पट्टा बिघडल्यावर दुसरा किती घरांनीं घेतला, याची चौकशी वाचकांनीं आपल्याच कपाटाच्या खणांत करावी. आय. डी. सी. या पाहणीसंस्थेच्या आंकड्यांप्रमाणें भारतांत २०२३ सालीं ५ कोटी ३४ लाख स्मार्टवॉच बाजारांत आलीं. २०२४ सालीं ती संख्या ३ कोटी ५० लाखांवर उतरली. एका वर्षांत तिसरा हिस्सा गळाला!

अमेरिकेंत हें आधींच घडून गेलें होतें. तेथील फिटबिट कंपनीचा शेअर २०१५ च्या जूनमध्यें २० डॉलरांस निघाला व दोन महिन्यांत ५० च्या वर चढला. पण वरून ॲपलचें घड्याळ आणि खालून शाओमीचा स्वस्त पट्टा (भारतांत तो त्याच वर्षीं ९९९ रुपयांस आला) असा दुहेरी चाप तिला बसला. २०१९ सालीं गूगलनें ती घेण्याचें ठरविलें तेव्हां शेअरमागें ७ डॉलर ३५ सेंटच देऊं केले. जॉबोननें तर २०१७ सालींच गाशा गुंडाळला.

आपल्याकडे करोनाच्या सांथीनें या धंद्यास भरतें आणलें. २०२१ च्या उन्हाळ्यांत प्राणवायूचा आंकडा ही घरोघरची चिंता होती, आणि तो मनगटावर दिसतो असें म्हटल्यावर गिऱ्हाइकास तोटा नव्हता. नॉइज, बोट, फायर-बोल्ट या देशी कंपन्यांनीं चढाओढींत किंमती दोन हजारांच्या आंत आणल्या. स्वस्ताई कोणास नको? आम्हांसही ती हवीच. परंतु किंमत उतरतां उतरतां एका पट्ट्यांत व दुसऱ्यांत फरक उरला तो बहुतेक जाहिरातीपुरता. नव्यांत जुन्याहून निराळें कांहीं नसेल, तर गृहस्थानें पुन्हां पैसे कां मोडावे? धंदा बसण्याचें मुख्य कारण आमच्या मतें हेंच होय.

यंत्राचा वकूबही ओळखून असावें. मनगटावरचा पट्टा पाय पाहत नाहीं, हाताचा झोंका पाहतो. अखजीला खापरावरचे मांडे करणाऱ्या गृहिणीच्या नांवें बसल्या जागीं पावलें जमा व्हावीं, आणि दोन्हीं हातांत भाजीच्या पिशव्या धरून आलेल्या आजोबांचीं निम्मीं बुडावीं, असें होऊं शकतें. दहा हजार पावलांचा दंडक तरी कोठून आला? १९६५ सालीं जपानांत विकावयास काढलेल्या पाऊलमापकाच्या नांवांतून! २०१९ सालीं अमेरिकेंत वृद्ध स्त्रियांची पाहणी झाली, तींत साडेसात हजारांपुढें अधिक लाभ दिसला नाहीं. दहा हजारांसाठीं रात्रीं ओसरींत येरझारा घालणाऱ्या आजीबाईंनीं खुशाल अंथरुणावर पडावें.

कंपनी बुडाली कीं तिच्याकडील नोंदींचाही भरंवसा नसतो. फिटबिटनें २०१६ सालीं पेबल विकत घेतली आणि २०१८ च्या जूनमध्यें तिची सेवा बंद केली. वडीलधाऱ्यांच्या रक्तदाबाचे व साखरेचे आंकडे म्हणूनच साध्या वहींत लिहून ठेवावे.

पावलांची चूक हंसण्यावारी नेतां येते. ठोक्यांची व प्राणवायूची तशी नेतां येत नाहीं. पट्ट्यांतून निघालेला उजेड कातडीखालच्या रक्ताची हालचाल टिपतो. पट्टा सैल असला किंवा हात हलता असला कीं ही टिपणी चुकते. आणि ठोके बरोबर मोजले गेले तरी हृदयविकाराच्या झटक्यांतही ते नेहमींसारखे असूं शकतात. म्हणून घरांतल्या कोणाच्या छातींत दुखूं लागलें, तर पट्ट्यावर ७२ दिसताहेत म्हणून सकाळची वाट पाहूं नये. तडक रुग्णालय गांठावें.