छर्‍याची बंदूक आणि पॉलिश पेपर

जुनी वस्तू विकायची ठरली की आपल्याकडे पहिले काम काय होते, तर ती घासूनपुसून चकाचक करणे. पितळी समई असो, शिसवी पलंग असो, नाहीतर माळ्यावर सापडलेली छर्‍याची बंदूक असो. चकाकली की भाव वाढतो, ही आपली पक्की समजूत! माझे मत याच्या अगदी उलट आहे, आणि जुन्या जर्मन एअर रायफलींच्या बाबतीत तर मी ते छातीठोकपणे सांगेन. बंदूक घासली की तिची ओळख जाते, आणि ओळख गेली की किंमतही जाते.

का, ते सांगतो. या बंदुकांची जन्मपत्रिका कागदावर नसते, लोखंडावर असते. नळीवर, स्प्रिंगच्या नळकांड्यावर, कधी दस्त्यावर बारीक अक्षरे आणि चिन्हे ठोकलेली असतात. एखादा शिलालेख वाचावा तशी ती वाचावी लागतात.

आपल्याकडे सर्वांना माहीत असलेले नाव म्हणजे डायना. राश्टाट गावच्या मायर आणि ग्रामेलश्पाखर या कारखान्याची ही बंदूक. कारखाना १८९०चा. शिकारीची देवता डायना हातातले धनुष्य टाकून देते आहे आणि एअर रायफल उंच धरते आहे, असे त्यांचे मोठे गमतीदार चिन्ह. पण नुसती देवी दिसली म्हणून बंदूक जर्मन ठरत नाही! दुसर्‍या महायुद्धानंतर नुकसानभरपाई म्हणून या कारखान्याची यंत्रे आणि नाव ब्रिटनकडे गेले. स्कॉटलंडमधल्या मदरवेल इथली मिलार्ड ब्रदर्स ही कंपनी त्याच नावाने बंदुका काढू लागली. पुढे जर्मन कारखाना पुन्हा उभा राहिला, तेव्हा त्याला ब्रिटनमध्ये स्वतःचाच माल ‘ओरिजिनल’ या नावाने विकावा लागला. ते नाव परत मिळायला १९८०चे दशक उजाडले. म्हणजे ‘डायना’ लिहिलेली बंदूक स्कॉटिश असू शकते आणि ‘डायना’ न लिहिलेली अस्सल राश्टाटची!

बाकीच्या खुणाही अशाच बोलक्या. ‘डी.आर.जी.एम.’ ही अक्षरे जर्मन साम्राज्याच्या नोंदणीची. ती १८९१ ते १९४५ या काळाकडे बोट दाखवतात. थुरिंगियातल्या बंदुकीवर ‘झेला सेंट ब्लासी’ असे गावाचे नाव असेल तर ती बहुधा १९१९च्या आधीची, कारण त्या वर्षी झेला आणि मेहलिस ही दोन गावे एक झाली. वाल्टर आणि आन्शुट्स हे त्याच झेला-मेहलिसचे कारखानदार युद्धानंतर पश्चिमेला उल्मला गेले, वाइराउख मेलरिखश्टाटला गेले. तेव्हा नावाखाली ‘उल्म’ दिसले की बंदूक युद्धानंतरची. पंचकोनात ‘एफ’ हे अक्षर असेल तर ती १९७० किंवा त्यानंतरची. साडेसात ज्यूलपर्यंतच्या बंदुकांसाठी जर्मन कायद्याने आणलेली ती खूण आहे. मात्र ती नाही म्हणून बंदूक जुनीच, असे समजू नये. परदेशी पाठवलेल्या मालावर ती असेलच असे नाही. डायनाच्या अनेक बंदुकांवर तर महिना आणि वर्षाचे इवलेसे आकडेही सापडतात.

आता सांगा, यातले पॉलिश पेपरखाली काय उरणार?

किमतीचेही तसेच. जाणकार आधी मूळ निळसर-काळा मुलामा किती शिल्लक आहे ते पाहतो. मग स्क्रूच्या खाचा पाहतो. त्या खरवडलेल्या असतील तर कुणीतरी आत हात घातला आहे. नेम धरायची माशी मूळची आहे का, दस्ता बदललेला आहे का, हेही बघतो. स्प्रिंग आणि आतले चामड्याचे वायसर झिजणारच, ते बदलले तर फारसे बिघडत नाही. जुने मात्र पुडीत बांधून ठेवावेत. भावाचा अंदाज घेताना लोक किती मागतात ते पाहू नये, तशीच बंदूक प्रत्यक्ष कितीला गेली ते पाहावे.

मध्यंतरी माझा एक जुना विद्यार्थी वडिलांची बंदूक घेऊन आला. वडील गेले, दोघे भाऊ, वाटणीचा प्रश्न. एका दुकानदाराने सांगितले होते, “जर्मन आहे, बफ मारून आणा, चांगले पैसे येतील.” भिंगातून पाहिले तर देवीजवळ ‘मेड इन ग्रेट ब्रिटन’ अशी स्पष्ट अक्षरे. तो हिरमुसला. मग हळूच म्हणाला, “सर, बफिंग करताना ही अक्षरे गेली तर?”

प्रश्न साधा वाटतो, पण साधा नाही. मोडी कागदावरचे नको ते नाव खरवडून टाकणार्‍याला आपण काय म्हणतो? त्याला म्हटले, अरे, ही मदरवेलची म्हणूनही घेणारे लोक आहेत. अक्षरे पुसलीस तर ती मदरवेलचीही राहणार नाही आणि राश्टाटची तर होणारच नाही. शिवाय तुझ्या वडिलांची वस्तू तू खोटे बोलून विकलीस असे होईल. तो बराच वेळ गप्प बसला. बंदूक मात्र तशीच घेऊन गेला.

“मग गंज तसाच ठेवायचा का?” असे कुणी विचारेल. नाही. मऊ फडक्यावर थोडे तेल घेऊन हलक्या हाताने पुसावे, इतकेच. आणि विकण्याआधी परवाना लागतो का, ते पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे. नळीचा व्यास आणि बंदुकीची ताकद यांवर ते ठरते.

तेव्हा मंडळी, माळ्यावर अशी बंदूक सापडली तर आधी भिंग शोधा. जी अक्षरे दिसतील ती कागदावर उतरवा, फोटो काढा. घरात कुणाला आठवत असेल तर ती कुणी, कुठून, कधी आणली तेही त्याच कागदावर लिहा आणि तो कागद बंदुकीबरोबर ठेवा. मग विकायची की नाही, ते सावकाश ठरवा.