साहेबाच्या पुढूनच जा

साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, असं नोकरी लागलेल्या प्रत्येक पोराला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी ऐकवतं. जळगावच्या एमआयडीसीतली टपरी असो की धुळ्यातल्या एखाद्या कचेरीचा व्हरांडा, सांगणारा बहुधा निवृत्तीला टेकलेला असतो आणि सूर काळजीचाच असतो. "जाऊ दे ना भो, साहेब आहे तो. ऐकून घ्यायचं, महिना काढायचा." काळजी खरी आहे. सल्ल्याशी मात्र माझं भांडण आहे.

त्यात तथ्य आहे तेवढं आधी पदरात घालू. पुण्याच्या आयटीतल्या माणसाला साहेब पटला नाही तर तो समोरच्या इमारतीत नोकरी धरतो. आपल्याकडे तसं नाही. जळगावच्या डाळ मिल, चटईचे आणि पाइपचे कारखाने, धुळ्याचं अवधान, तिथले यंत्रमाग. धंदे मोजके आणि मालक एकमेकांच्या लग्नकार्यात जेवणारे. नोकरीसुद्धा मामाच्या नाहीतर मेव्हण्याच्या ओळखीनं लागलेली. सकाळी साहेबाशी खटका उडाला की संध्याकाळी मामांचा फोन येतो, "माझी मान खाली घातली रे तू." वर घराचा हप्ता, गावाकडे म्हातारी आई आणि एकरभर केळी. 'पटत नसेल तर राजीनामा फेकावा' असं छातीठोक सांगणाऱ्यांच्या हिशोबात यातलं काहीच नसतं.

राजीनामा फेकणाऱ्याचा आदर्श हवाच असेल तर तोही धुळ्यातच सापडतो. इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं आणि मतभेद झाले तेव्हा त्याच मंडळातून ते चालते झाले. अखेर ते धुळ्यात राहिले, 1926 च्या डिसेंबरात तिथेच गेले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ त्या शहरात उभं राहिलं. बाणा असावा तर असा! पण राजवाडे विधुर, एकटे, गरजा जवळजवळ शून्यावर आणलेले. दोन लेकरांची फी भरणाऱ्याला त्यांचा दाखला देणं ही निव्वळ थट्टा झाली.

मला खरा राग येतो तो 'धाकाशिवाय काम होत नाही' म्हणणाऱ्यांचा. कडक साहेब आणि छळणारा साहेब यांत त्यांना फरकच दिसत नाही. कडक साहेब माल तपासतो, चूक दाखवतो, वेळप्रसंगी पगारही कापतो. छळणारा साहेब माणसाला सोलतो. एखाद्या डाळ मिलमध्ये थोडा वेळ उभं राहून बघा. तुरीला तेल-पाणी लावून ती मुरवायची, वाळवायची आणि मग भरडायची, असा क्रम. दाणा पुरता वाळला नसेल तर साल चिकटून राहते, डाळ कमी उतरते आणि चुनी वाढते. वाळवणीवरच्या माणसाला दाणा दाताखाली धरला की ते कळतं. पण काल त्यानं "अजून ओली आहे" म्हटलं म्हणून चारचौघांत आईबहिणीवरून ऐकून घेतलं असेल, तर आज तो कशाला तोंड उघडेल? ओली तूर रोलरवर जाते. संध्याकाळी चुनीचा ढीग बघून साहेब पुन्हा ओरडतो आणि धाक कमी पडला असं समजून दुसऱ्या दिवशी तो वाढवतो.

सरकारी कचेरीतला धाक वेगळ्या जातीचा. "धडगावला टाकीन." नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून 1998 साली वेगळा झाला, धमकी मात्र अजून जुनीच चालते. (जाता जाता विचारतो, धडगाव-अक्कलकुव्याच्या लोकांनी काय घोडं मारलंय, की शिक्षा म्हणून पाठवलेली माणसं त्यांनी डॉक्टर आणि गुरुजी म्हणून पत्करावीत?) ही धमकी वाटते तेवढी भरीव नाही. बदल्यांच्या 2005 च्या राज्य कायद्यानं एका पदावर साधारण तीन वर्षं धरलेली आहेत. त्याआधी हलवायचं तर कारण लेखी नोंदवावं लागतं आणि वरच्याची आधी मंजुरी घ्यावी लागते. गोपनीय अहवालाची तलवारही तशीच. देव दत्त या अभियंत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2008 साली सांगून टाकलं, की अहवालातला प्रत्येक शेरा, अगदी 'चांगला' हासुद्धा, कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, म्हणजे त्याला त्यावर दाद मागता येईल. आणि तोंडी हुकूम? 1979 च्या वर्तणूक नियमांतच आहे, की वरिष्ठाचा आदेश शक्यतो लेखी घ्यावा आणि ते जमलं नाही तर नंतर लवकरात लवकर लेखी दुजोरा मिळवावा. म्हणजे कागद मागणारा कारकून उर्मट ठरत नाही, नियम पाळणारा ठरतो.

म्हणून माझं म्हणणं असं, की साहेबाच्या पुढूनच जावं आणि हातात कागद असावा. छळणाऱ्या साहेबाचं निम्मं राज्य तोंडी असतं. 'मी असं म्हणालोच नव्हतो' या वाक्यावर त्याची खुर्ची टिकते. खासगी कारखान्यात नियमपुस्तक नसेल, पण व्हॉट्सअॅप सगळ्यांकडे आहे. "साहेब, वाळवण अपुरी असल्याचं मी दुपारी सांगितलं होतं. आपल्या सूचनेप्रमाणे लॉट चालू करत आहे. बदल असल्यास कळवावे." बस, एवढंच. रडगाणं नको, विशेषणं नकोत. असा निरोप गेला की पुढचा हुकूम देताना साहेब एकदा थांबतो.

यावर 'अर्ज तर आम्हीही केले' असं सांगणारे भेटतात. कसले अर्ज? एक तर निनावी, ज्यांवर सही नाही म्हणून कोणी हातही लावत नाही. नाहीतर आमदाराची चिठ्ठी. सरकारी नोकराला राजकीय वजन आणायला वर्तणूक नियमांतच मनाई आहे, ते सोडा. पण ज्याच्या चिठ्ठीनं साहेब गप्प बसतो, त्याच्या सभेत खुर्च्या मांडायला पुढे जावंच लागतं. एक साहेब होता, आता दोन झाले.

छोट्या कारखान्यात एकट्यानं कागद पुढे केला तर नोकरी जाऊ शकते, हा आक्षेप मात्र मी उडवून लावणार नाही. जाते. म्हणून तिथे एकट्यानं जाऊच नये. वाळवणीवरचा, रोलरवरचा आणि पोती शिवणारा, तिघांनी मिळून मालकाकडे जावं आणि साहेब काय काय बोलला याचा पाढा घरीच ठेवावा. सोबत वजनाची वही न्यावी. कुठल्या लॉटला किती डाळ उतरली, किती चुनी निघाली आणि त्या दिवशी वाळवणीवरच्यानं काय सांगितलं होतं, एवढंच समोर ठेवावं. नोकरानं खाल्लेल्या शिव्यांचं मालकाला फारसं काही वाटत नाही. चुनीच्या भावात गेलेल्या तुरीचं वाटतं.