नोकरी केव्हा सोडावी?

मुक्त विद्यापीठाचे पुस्तक हाती घेणाऱ्या आपल्यापैकी अनेकांचा दिवस नोकरीत जातो आणि अभ्यासाला रात्रीच बसता येते. म्हणूनच घरात सहसा मोकळेपणाने चर्चिला न जाणारा एक प्रश्न येथे मांडावासा वाटतो. जिच्यात मन रमत नाही, अशी नोकरी केव्हा सोडावी? वडीलधारी मंडळी सांगतात की, लागलेली नोकरी सोडू नये. समवयस्क सांगतात की, मन मारून जगू नये. पहिल्या सल्ल्यात धास्ती आहे, दुसऱ्यात उतावीळपणा आहे. आणि आपली नाराजी नेमकी कशाविषयी आहे, हे दोन्हींत विचारलेच जात नाही.

वरिष्ठ रागीट असणे, बदली गैरसोयीची होणे, बढती हुकणे ही परिस्थितीविषयीची नाराजी होय. बोलून, अर्ज करून किंवा काही काळ थांबून ती पुष्कळदा दूर होते. परंतु जे काम करावे लागते तेच आपल्याला पटत नसेल किंवा त्यात शिकण्यासारखे काही उरले नसेल, तर ती कामाविषयीची नाराजी ठरते. केवळ पहिल्या प्रकारच्या नाराजीने नोकरी सोडणाऱ्यास नव्या कचेरीतही तसाच वरिष्ठ भेटू शकतो. म्हणून आपली तक्रार एका वाक्यात लिहून ठेवावी. सहा महिने प्रयत्न करूनही तेच वाक्य कायम राहिले आणि ते कामाविषयीच असले, तर निघण्याचा विचार गंभीरपणे करावा.

आपल्या अभ्यासक्रमातील दोन निबंधकारांची चरित्रे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेत शिक्षक होते. त्यांनी १८७९ मध्ये ती नोकरी सोडली आणि १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. या राजीनाम्याचे धाडस आपण नेहमी वाखाणतो. पण ‘निबंधमाला’ १८७४ पासूनच निघत होती, याकडे आपले लक्ष जात नाही. म्हणजे नोकरीत असतानाच त्यांनी सुमारे पाच वर्षे आपले स्वतंत्र कार्य चालविले होते. राजीनामा दिला तेव्हा पुढे काय करावयाचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे कोरा नव्हता.

गोपाळ गणेश आगरकरांचे उदाहरण निराळे आहे. ‘केसरी’चे ते पहिले संपादक. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर सहकाऱ्यांशी मतभेद वाढले, तेव्हा १८८७ मध्ये त्यांनी ते संपादकपद सोडले आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढले. त्यांची अडचण कामाच्या गाभ्याविषयीच होती, कारण जे लिहिणे त्यांना आवश्यक वाटत होते ते तेथे लिहिता येत नव्हते. मात्र त्यांनी अध्यापन सोडले नाही. ते फर्ग्युसन महाविद्यालयातच राहिले आणि १८९२ मध्ये तेथील प्राचार्य झाले. एक जागा सोडताना सर्वच आधार सोडावे लागतात असे नाही, हे त्यांच्या चरित्रातून दिसते.

यावर कोणी म्हणेल की, ही मोठ्या माणसांची उदाहरणे झाली. आम्हांला घरभाडे आणि कर्जाचे हप्ते आहेत. हा आक्षेप रास्त आहे. पण आगरकरही गरिबीतूनच शिकले होते. ज्याच्या पाठीशी शिल्लक नाही, त्याला तर पूर्वतयारी अधिकच आवश्यक असते. निदान काही महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा. कायम कर्मचाऱ्यास सामान्यतः सलग ५ वर्षांच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी मिळते. साडेचार वर्षे झाली असतील, तर आणखी सहा महिने थांबण्यात भित्रेपणा नाही. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम घाईने काढून न घेता खाते नव्या ठिकाणी वर्ग करून घ्यावे. निवृत्तिवेतनासाठी किमान १० वर्षांची सेवा लागते आणि तिच्यात आधीची सेवा धरली जाते.

या साऱ्या विवेचनाला एक अपवाद आहे. जेथे वेतन अडवून ठेवले जाते, अब्रूला किंवा जिवाला धोका असतो, खोट्या कागदावर सही मागितली जाते, तेथे सहा महिन्यांची कसोटी लावत बसू नये. तेथून निघणे हाच शहाणपणा होय आणि घरच्यांनीही अशा वेळी हिशेब न विचारता पाठीशी उभे राहावे.

इतर सर्वांनी स्वतःला एवढेच विचारावे की, आपण कशापासून दूर जात आहोत हे जितके स्पष्ट आहे, तितकेच कशाकडे जात आहोत हेही स्पष्ट आहे काय? आपण रात्री करीत असलेला अभ्यास ही नव्या कामाची तयारी असेल किंवा दिवसभराच्या कंटाळ्यावरचा विसावाही असेल. दोन्हींत कमीपणा काहीच नाही. राजीनामा मात्र तयारीच्या बळावरच लिहावा, असे माझे मत आहे.