जगाचा बाजार आणि बांधावरचीं माणसें

सारें जग आतां एक बाजारपेठ झालें असून त्या पेठेंत कोणाची जात, कोणाचें कुळ, कोणाचें गांव कांहींच विचारलें जात नाहीं. जो चांगला माल आणील त्याला चांगला भाव मिळतो, असें गेलीं तीस-पस्तीस वर्षें आम्हांस सांगण्यांत येत आहे. सांगणारे विद्वान् आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यांत सत्यांश मुळींच नाहीं असेंहि नाहीं. १९९१ नंतर या देशांतील दारिद्र्य घटलें, हें नाकारण्याचा हट्ट आम्ही धरणार नाहीं. पण ‘बाजार कोणाला कांहीं विचारीत नाहीं’ हें जें त्यांचें मुख्य प्रतिपादन, तें मात्र आम्हांस साफ खोटें वाटतें. बाजार फार विचारतो. तो कागद विचारतो. आणि ज्याच्यापाशीं कागद नाहीं त्याला तोटा तेवढा घरपोंच देऊन नफ्याच्या वेळीं दाराबाहेर उभा करतो. हें आम्ही वऱ्हाडांतल्या कापसाच्या उदाहरणानें दाखविणार आहों. कारण जगाच्या बाजाराशीं आपल्याकडे कोणाची जुनी सोयरीक असेल तर ती कापसाची.

ही सोयरीक १९९१ सालीं जुळली असें समजणारांस इतिहासाची थोडी आठवण दिली पाहिजे. १८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या हातीं आलें तें निजामाच्या फौजखर्चाच्या थकबाकीपोटीं. पण तेथल्या काळ्या जमिनीचें मोल त्यांस चांगलें ठाऊक होतें. पुढें १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी माजून तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि मुंबई बंदरांतून जाणाऱ्या कापसाला सोन्याचें मोल आलें. १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली. १८७० सालीं खामगांवच्या कापूसबाजारापर्यंत फांटा गेला. यादवी मात्र १८६५ सालींच संपली होती! मुंबईंत शेअरांचा फुगा फुटला आणि प्रेमचंद रायचंदासारख्या धनाढ्याचें दिवाळें वाजलें, याचें वर्णन इतिहासकार मोठ्या चवीनें करतात. देशावरच्या कुणब्याला तेजीच्या भरांत सढळ हातानें मिळालेलें कर्ज मंदींत कसें आटलें, त्यांतच सरकारसारा कसा वाढला, हें सांगतांना त्यांची लेखणी जरा घाईंत असते. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें लोक उठले, व तेथून दंगे पुणें आणि नगर या जिल्ह्यांत पसरले. दंगेखोरांनीं सावकारांचे जीव घेण्यापेक्षां त्यांचे रोखे काढून जाळण्याकडे अधिक लक्ष पुरविलें, हें त्या दंग्यांचें मर्म होय. आपल्या गळ्याला फांस बसतो तो कशाचा, हें त्या निरक्षर माणसांस बरोबर कळलें होतें.

आतां प्रतिपक्षाकडे वळूं. बाजाराच्या बाजूनें मराठींत जें बोललें गेलें त्यांत सर्वांत सकस म्हणणें कै. शरद जोशी यांचें. शेतकरी गरीब आहे तो दैवानें नव्हे, तर शहरांस धान्य व गिरण्यांस कापूस स्वस्त मिळावा म्हणून सरकारनें बुद्ध्या भाव पाडल्यामुळें. त्याला कोणाची दया नको, बाजाराचें व तंत्राचें स्वातंत्र्य द्या, असा त्यांचा हिशेब होता. म्हणूनच डंकेल प्रस्तावावर चहूंकडून काहूर उठलें असतां त्यांनीं त्याची उघड पाठराखण केली. शेतकऱ्याच्या नांवानें अश्रु ढाळणाऱ्या पुष्कळांपेक्षां हा तर्ककठोर माणूस आम्हांस अधिक आदरणीय वाटतो. परंतु ज्या खुल्या बाजाराच्या भरंवशावर त्यांनीं हा डाव मांडला, तो बाजार खुला होता काय?

जागतिक व्यापार संघटना १९९५ सालीं स्थापन झाली. अमेरिका आपल्या कापूसवाल्यांस बेसुमार अनुदान देते, त्यामुळें जगांतला भाव पडतो, अशी फिर्याद ब्राझीलनें तेथें २००२ सालीं गुदरली. २००४ सालीं निकाल अमेरिकेच्या विरुद्ध गेला. २००५ सालीं अपिलांतहि तोच कायम झाला. मग अमेरिकेनें अनुदानें बंद केलीं म्हणावें, तर तसें नाहीं. तिनें त्यांत कांहीं फेरफार केले आणि ब्राझीलच्या कापूसउत्पादकांच्या संस्थेसच वार्षिक रक्कम देण्याचें २०१० सालीं कबूल केलें. २०१४ सालीं आणखी ३० कोटि डॉलर देऊन प्रकरण कायमचें मिटविलें. घरच्या शेतकऱ्याला पैसे देतां यावेत म्हणून परक्या शेतकऱ्याला पैसे देणें, हा व्यवहार कोणत्या अर्थशास्त्रांत बसतो तें विद्वानांनीं सांगावें. ब्राझीलला एवढा मान मिळाला, कारण अमेरिकेच्या मालावर उलट निर्बंध घालण्याची परवानगी त्यानें पदरांत पाडून घेतली होती. बेनिन, बुर्किना फासो, माली व चाड या आफ्रिकेंतील चार गरीब देशांनीं हीच तक्रार २००३ सालीं मांडली. त्यांस सहानुभूतीचीं भाषणें मिळालीं. बळी तो कान पिळी हा न्याय जिनिव्हाच्या सरोवराकांठींहि चालतो.

घरचा बाजार याहून फार निराळा वागतो असें नाहीं. २०२१ च्या अर्थसंकल्पानें परदेशी कापसावर एकंदर ११ टक्के आयातकर बसविला. २०२५ च्या ऑगस्टच्या आरंभीं अमेरिकेनें भारतीय मालावरील जकात ५० टक्क्यांपर्यंत नेण्याचें जाहीर केलें, आणि कापडाचे कारखानदार हवालदिल झाले. त्यांची अडचण खरी होती. उपाय काय निघाला, तर त्याच महिन्याच्या १९ तारखेपासून कापसावरचा आयातकर प्रथम सप्टेंबरअखेरपर्यंत व मागाहून डिसेंबरअखेरपर्यंत उठविला! आमच्याकडे कापूस पेरतात जून-जुलैंत, आणि वेंचणी लागते दसरा-दिवाळीच्या सुमारास. म्हणजे शेतकऱ्यानें कर आहे असें समजून बीं-खत घातलें, आणि बोंडें फुटण्याच्या आधींच कर गेला. वॉशिंग्टनचा धक्का गिरणीवाल्याच्या खांद्यावरून यवतमाळच्या शेतकऱ्याच्या पाठीवर उतरविण्यास एक पंधरवडाहि लागला नाहीं.

यावर उत्तर तयार असतें: हमीभाव आहे ना? आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठीं लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलामागें ८,११० रुपये जाहीर झाले होते, आणि बाजार त्याखालीं गेला तर भारतीय कापूस महामंडळानें त्या भावानें खरेदी करावी अशी व्यवस्था आहे. पण महामंडळास कापूस घालावयाचा तर नांवनोंदणी हवी. त्या हंगामांत ती मोबाईलवर करावी लागली. आणि नोंदणीस सातबारा लागतो. जो दुसऱ्याची जमीन मक्त्यानें वा बटईनें करतो, त्याच्या नांवाचा सातबारा कोठून येणार? मक्ता कागदावर लिहावा तर मालक लिहूं देत नाहीं. कारण १९४८ च्या आणि विदर्भापुरत्या १९५८ च्या कूळकायद्यानें कुळाला हक्क मिळाले, ही आठवण मालकाच्या घरांत अद्याप जागी आहे. कुळाच्या रक्षणार्थ केलेल्या कायद्याच्या धास्तीनें आजचें कूळ कागदावरून पुसलें जावें, हा दैवदुर्विलास! मग तो आपला कापूस गांवांत फिरणाऱ्या व्यापाऱ्यास पडेल त्या भावानें देतो, किंवा मालकाच्या नांवानें घालून मालकाच्या खात्याकडे डोळे लावून बसतो. बँकेचें पीककर्ज त्याच्या वाट्यास सहसा येत नाहीं. केंद्राचा वर्षाला ६,००० रुपयांचा जो सन्माननिधि २०१९ पासून निघाला, तो जमीन नांवावर असलेल्या कुटुंबास, यास नाहीं. न्यूयॉर्कच्या वायदेबाजारांत भाव कोसळला तर ती कोसळ मात्र कोणताहि उतारा न मागतां त्याच्या दारीं येते.

मक्तेदाराच्याहि खालीं मजूर आहे. २००२ च्या मार्चांत बीटी कापसास परवानगी मिळाली. आरंभीं बोंडअळी हटली, हें खरें. पण बीं संकरित असल्यानें दरसाल नवें विकत घेणें आलें, आणि पुढें गुलाबी बोंडअळी त्या विषाला जुमानीनाशी झाली. फवारणी वाढली. २०१७ सालीं एकट्या यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें वीसहून अधिक माणसें दगावलीं, शेंकडों रुग्णालयांत पडलीं. त्यांत स्वतःच्या शेतांत फवारणारे होते, तसेच रोजानें पाठीवर पंप घेणारेहि होते. बियाण्यांतील जनुकाच्या स्वामित्वशुल्काचा करार कंपन्या-कंपन्यांमध्यें मोठ्या बारकाईनें लिहिलेला असतो. रोजंदाराच्या पाठीवरच्या पंपाविषयीं कोणीं कांहीं लिहून ठेवल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. वेंचणीच्या बायांची तीच गत. त्यांना मजुरी किलोवर. बोंड किडकें निघालें तर दिवस तेवढाच, वजन मात्र कमी.

आणि घरधन्यानें जीव दिला तर? राज्यसरकारची मदत एक लाख रुपयांची ठरली: ३० हजार हातीं आणि ७० हजार ठेवीच्या रूपानें. परंतु आधीं तें मरण ‘पात्र’ ठरावें लागतें. शेत नांवावर होतें काय, कर्ज बँकेचें होतें काय, तें थकलें होतें काय, वसुलीचा तगादा होता काय, असे प्रश्न तहसिलींतून निघतात. मक्त्यानें करणाऱ्याची विधवा पहिल्याच प्रश्नाला अडते. स्वतः शेत कसणारी बाई गेली, तर ती शेतकरी होती हें सिद्ध करतां करतां तिच्या मुलांच्या नाकीं नऊ येतात. कारण २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणें देशांतील वहितदारांत बाया सुमारें १४ टक्केच. सरासरी उत्पन्नाचे आंकडे पुढें करणारांनीं हीं माणसें त्या सरासरींत कोठें उभीं आहेत तें एकदां दाखवावें.

येथें कोणी प्राचीन स्वयंपूर्ण खेड्याचें चित्र आमच्यापुढें धरूं नये. तें चित्र डॉ. आंबेडकरांनीं १९४८ सालीं घटनासमितींतच फाडून टाकलें आहे. बलुत्याच्या त्या खेड्यांत वेशीबाहेर कोण राहात होतें, हें ज्याला आठवत नाहीं त्यानें दूरच्या बाजाराला नांवें ठेवूं नयेत. वेशीबाहेरच्याला जमीन नव्हती, म्हणून सातबारा नाहीं; सातबारा नाहीं, म्हणून आजच्या पेठेंतहि तो वेशीबाहेर. नव्या बाजारानें जुनी वेस मोडली नाहीं. तिला नोंदणीची खिडकी बसविली.

शरद जोशी यांच्या अनुयायांस आमचें एवढेंच विचारणें आहे. त्यांच्या शेतकरी संघटनेनें १९८६ सालीं चांदवडला बायांचें अधिवेशन भरविलें, आणि पुढें लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून जमिनीचा कांहीं भाग बायकोच्या नांवें करण्यास शेतकऱ्यांस भाग पाडलें. ज्या गांवांत शंभर घरांनीं हें केलें त्यांचा गौरव झाला. जोशींच्या शिकवणुकीचा बाजाराविषयींचा भाग सरकारानें व व्यापाऱ्यांनीं, पाहिजे तेवढाच आणि पाहिजे तेव्हांच, उचलला. हा दुसरा भाग मात्र सर्वांनींच सोयीस्करपणें विसरून टाकला. आतां पिकाची नोंद मोबाईलवर होऊं लागली आहे. त्या नोंदींत मालकीला धक्का न लावतां पेरणाऱ्याचें नांव घालावें, हमीभावाची खरेदी त्या नांवावर करावी, आणि लक्ष्मीमुक्तीच्या गांवांत आजमितीस किती उताऱ्यांवर बायांचीं नांवें शिल्लक आहेत याची मोजणी करून सरकारनें ती गांवनिहाय प्रसिद्ध करावी.