आनाची शिकवणी

रवींद्रनाथ ठाकूर १८७८ साली विलायतेला शिकायला निघाले, पण त्यांची खरी शाळा भरली ती मुंबईत. इंग्रजी जिभेवर बसावं म्हणून भाऊ सत्येंद्रनाथांनी या सतरा वर्षांच्या पोराला डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी ठेवलं. शिकवायला डॉक्टरांची लेक अन्नपूर्णा ऊर्फ आना. वयाने थोडी मोठी, विलायत पाहून आलेली, धीट. झोपलेल्या मुलीचे हातमोजे जो चोरेल त्याला तिचं चुंबन घ्यायचा हक्क, असं सांगून ती खुशाल आरामखुर्चीत झोपली. उठून बघते तर मोजे जागच्या जागी! (कवी असूनही इतका भाबडेपणा?) दाढी वाढवू नकोस, चेहरा झाकला जाईल, असंही तिने बजावलं होतं, तेही त्यांनी ऐकलं नाही, हे जगाला दिसतंच आहे. पुढे ‘पूना’ नावाच्या बोटीने प्रवास, ब्रायटन, लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज. १८८० साली स्वारी परतली ती पदवीविना. बॅरिस्टरी राहिली ते बरंच झालं म्हणा. आनाचं लग्न मात्र बडोद्याच्या हॅरॉल्ड लिटलडेल या प्राध्यापकाशी झालं. हे किस्से रवींद्रनाथांनी सांगितले ते थेट उतारवयात, आणि सांगताना तिच्याविषयी एकही हलका शब्द काढला नाही.