‘डिस्क आहे ना!’ एवढ्यावर खूश होऊ नका

ई-सायकल घेताना आपण आधी रेंज विचारतो, मग रंग. ब्रेकचं नाव काढलं की दुकानदार म्हणतो, ‘डिस्क आहे ना!’ आणि आपण खूश. पण डिस्क ब्रेकही दोन प्रकारचे. मेकॅनिकलमध्ये स्टीलची वायर कॅलिपर ओढते, हायड्रॉलिकमध्ये ऑइलच्या दाबानं पॅड डिस्कला चिकटतात.

साध्या सायकलला वायर पुरते. ई-सायकल मात्र बॅटरी-मोटरसकट सहज 20-22 किलो भरते, वर तुम्ही आणि तुमची सॅक. पावसात घाटाच्या उतारावर वायरचा ब्रेक करकचून आवळावा लागतो, हायड्रॉलिकला एक-दोन बोटं बास. पॅड झिजले तरी हायड्रॉलिक आपलं आपण जुळवून घेतो. वायर तुम्हालाच टाइट करावी लागते, आणि ते कुणाच्या लक्षात राहतं?

तरी सरसकट हायड्रॉलिकच घ्या, असं मी म्हणणार नाही. वायर तुटली तर गल्लीतला सायकलवाला लगेच बदलून देतो. ऑइलमध्ये हवा शिरली तर ब्लीडिंग करणारा शोधत फिरा. (शिमानोला मिनरल ऑइल लागतं. मोटरसायकलचं डॉट फ्लुइड घातलंत तर सील खराब!) रस्ता सपाट, कॉलेज जवळ? मग वायरच घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगलं हेल्मेट.

रोजच्या वाटेत उतार असेल, तर मात्र पैसे रेंजवर नको, ब्रेकवर घाला. नंतर ब्रेक बदलणार असाल तर नव्या लिव्हरला मोटर कट-ऑफ आहे ना, ते बघून घ्या. नसेल तर तुम्ही ब्रेक दाबताय आणि मोटर पुढे ढकलतेय, असंही होऊ शकतं.